बलदाऊच्या दिवसाचं दूध

पडदा इथं पत्र्याचा आहे. पहाटेची नमाज आटोपून इक्बाल खाली वाकतो, कुलूप काढतो, दोन्ही हातांनी शटर वर ढकलतो, आणि खडखडाट करत रंगमंच उघडा होतो. डाव्या विंगेत तांदळाच्या गोण्या. उजवीकडे कोकम, कुळथाचं पीठ, आंबोशी, पोह्यांचे पापड. मागच्या भिंतीवर मक्केचं चित्र आणि त्याला खेटून एक मराठी कॅलेंडर. उजेड ओमानमधल्या सोहारच्या ऑगस्टचा: सहा वाजलेले नाहीत, तरी बाहेर सगळं पांढरं, ओलं, काचेवर घाम आलेला. आणि काउंटरच्या बरोबर मध्यावर, नाटकातलं मुख्य पात्र येऊन उभं राहावं तशी, झाकण घट्ट बसवलेली एक स्टीलची किटली.

किटलीत म्हशीचं दूध आहे. ते आणायला इक्बाल काल अडीच तास गाडी हाकत बरक्याला गेला होता आणि अडीच तास परत आला होता. वाटेत दोनदा थांबून त्यानं बर्फ बदलला. घरी बायको, बिलकीस, म्हणाली होती, "एवढं कुणी सासऱ्यासाठी पण करीत नाही."

दूध प्रेमासाठी होतं. उद्या हलषष्ठी, बलरामाचा जन्मदिवस. उद्या प्रेमा इथं अठरा वर्षं चालवलेलं आपलं व्रत संपवणार होती, उद्यापन करणार होती. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी ती आणि तिचा नवरा ओमप्रकाश हा देश कायमचा सोडून गोंदियाकडच्या आपल्या गावी जाणार होते. व्रत मुलासाठी करतात. मुलगा आता नव्हता.

अठरा वर्षांपूर्वी ती याच काउंटरसमोर पहिल्यांदा येऊन उभी राहिली तेव्हा चार वर्षांचा धनेश तिच्या पदराआड होता. ओमप्रकाशला बंदरावरच्या पोलाद कारखान्यात क्रेनवर नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि ही दोघं नुकतीच आली होती. उंच, सावळी, कपाळावर मोठं कुंकू, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव.

"भाऊ, नांगर न लागलेलं काय काय आहे तुमच्याकडं?"

इक्बालनं चष्मा कपाळावर चढवला. "काय न लागलेलं?"

"नांगर. नांगरलेल्या जमिनीतलं नाई पाहिजे."

"वहिनी, माझ्याकडे बासमती आहे, सोना मसुरी आहे, उकडा आहे. नांगर न लागलेला तांदूळ अजून कुठल्या कंपनीनं काढला नाही."

ती हसली नाही. पदराआडून धनेश मात्र खुदकन हसला, आणि त्या हसण्यानं इक्बाल विरघळला. त्यानं स्टूल पुढे केलं. मग तिनं सगळं समजावून सांगितलं. कृष्णाचा थोरला भाऊ बलराम, तिच्या माहेरी त्याला बलदाऊ म्हणतात. त्याचं हत्यार म्हणजे नांगर. सगळ्या शेतांचा तो धनी, सगळ्या ताकदीचा मालक. त्याच्या जन्मदिवशी नांगराला विसावा द्यायचा, आणि नांगराचा फाळ जिथं लागला तिथलं काही त्या दिवशी आईनं तोंडात घालायचं नाही. तळ्याच्या काठाला आपोआप उगवतं ते देवधान खायचं. आपोआप आलेल्या सहा पालेभाज्या. दूध-दही फक्त म्हशीचं. मग बलदाऊ त्या आईच्या लेकराच्या अंगात बळ घालतो आणि त्याला राखतो. धनेशच्या आधी तिची दोन लेकरं पोटातच गेली होती. गावच्या म्हाताऱ्यांनी हे व्रत दिलं आणि हा जगला.

"आणि गायीचं दूध का नाही?" इक्बालनं विचारलं.

"गायीची पोरं नांगर ओढतात ना बिचारी. त्या दिवशी त्यांच्या आईले तरी सुट्टी."

"आमच्या खाडीकडे रेडे ओढतात."

"तुमच्या रेड्यांचं तुमी पाहा, भाऊ. मले म्हशीचं आणून द्या."

त्या दिवसापासून इक्बाल या पूजेचा भांडारी झाला. रत्नागिरीच्या खाडीकाठचा हा माणूस, पाच वेळा नमाज पढणारा, आणि ऑगस्ट आला की न नांगरलेल्या वस्तूंच्या मागे सोहारभर फिरायचा. देवधान प्रेमाचा भाऊ गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायचा. बाकीचं इक्बालकडे. लिव्याच्या रस्त्यावर एका ओमानी अर्बाबची, म्हणजे मालकाची, खजुराची बाग होती, तिथं मुलतानचा यासिर राखण करायचा. अर्बाबनं हौसेनं चार म्हशी पाळल्या होत्या. दूध तिथून यायचं. खजुरांच्या बुंध्याशी पाटाच्या पाण्यावर घोळ माजलेली असायची, ती इक्बाल स्वतः खुडायचा. शेवग्याचा पाला, चिंचेचा कोवळा पाला, रानमाठ, चिवळ. सहावी भाजी दर वर्षी कमी पडायची आणि दर वर्षी फोनवर खल चालायचा.

"वहिनी, मेथी?"

"मेथी वाफ्यात पेरतात, भाऊ."

"पुदिना? कुंडीतला आहे."

"कुंडीत नांगर चालतो का?"

"चालत नाही. पण खुरपं चालतं."

"खुरपं म्हणजे नांगराचं पिल्लूच की! नाई."

खजूर चालतो की नाही यावर तर तिनं गावी आईला फोन लावला. आईनं उभ्या जन्मात खजुराचं झाड पाहिलेलं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "वर चढून काढतात का? मग चालते." आणि सोहारमधल्या बलदाऊच्या नैवेद्यात खजूर आला तो कायमचा.

ओमप्रकाशचं बलदाऊशी वेगळंच नातं होतं. त्यांच्या झाडीपट्टीत भात कापून झालं की रिकाम्या शेतांत मांडव पडतात आणि गावोगाव नाटकं उभी राहतात. घोंगड्या पांघरून हजार-हजार माणसं बसतात, मांडीवर झोपलेली पोरं, शेंगांच्या टरफलांचा खच, पेटीचा सूर लागला की सगळीकडे एकदम शांतता. ते ज्यानं पाहिलंय त्याला दुसरं कुठलंच थिएटर नंतर भरलेलं वाटत नाही. तर त्या मंडळात ओमप्रकाशला बलरामाचं काम मिळालं, कारण खांद्यावर खरा लाकडी नांगर घेऊन प्रवेश करणारा सहाफुटी गडी दुसरा नव्हता. प्रवेशालाच टाळ्या पडायच्या. त्यानंतर तो हमखास संवाद विसरायचा. विंगेतून प्रॉम्प्टर घसा फोडायचा, आणि हा डोळे वटारून नांगर या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा, त्या खांद्यावरून या खांद्यावर. लोकांना वाटायचं, काय राग आलाय बलरामाला! प्रेमा पहिल्या रांगेत होती. तिला तेव्हाच कळलं होतं की हा विसरलाय. लग्नाला तिनं होकार दिला तो त्या खांदेपालटावर भाळून.

सोहारच्या घरात पूजेसाठी त्यानं कारखान्यातल्या टाकाऊ पोलादाच्या तुकड्यांतून, साहेबाला विचारून, वीतभर लांबीचा एक नांगर जोडून घेतला होता. तोच यांचा बलदाऊ. दिवाणखान्यात टाइल्सवर मातीचं आळं करून छोटं तळं करायचं, काठाला खजुराची पाती रोवायची, मध्ये तो नांगर. दुपारी पूजा. शेवटी प्रेमा गावाहून आणलेली पांढरी माती पाण्यात कालवायची, त्यात फडक्याचा बोळा बुडवायची आणि धनेशच्या पाठीवर सहा वेळा थोपटायची. सहा पांढरे ठसे. इंडियन स्कूलमध्ये जाणारा धनेश शर्ट काढून ओणवा व्हायचा आणि म्हणायचा, "आई, फास्ट. गुदगुल्या होतात." कारखान्याच्या कामगार कॅम्पमधली नागपूर-भंडाऱ्याकडची पोरं शुक्रवारी तिच्याकडे जेवायला यायची, त्यांतला कुणी त्या दिवशी सापडला तर त्याच्याही पाठीवर ठसे उठायचे. "तुही आई तिकडं उपाशी असेल," ती म्हणायची, "हे तिच्याकडून."

इक्बाल पूजेला कधी थांबत नसे. सामान दाराशी द्यायचं आणि दुकान गाठायचं. म्हणून अठरा वर्षांत बलदाऊची कहाणी काही त्याच्या कानावर पडली नव्हती.

आणि आता गेल्या वर्षीचा ऑगस्ट.

धनेश एकवीस वर्षांचा झाला होता. इब्रीजवळच्या सोलर प्लांटवर टेक्निशियन म्हणून लागून सहा महिने झाले होते आणि आईच्या उपासासाठी दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता. त्या आठवड्यात इक्बालकडे माल उतरत होता. यासिरला फोन करायचं राहून गेलं. आदल्या दिवशी सकाळी तो किटली घेऊन बागेत पोचला तर गोठ्यात दोन गायी.

"अर्बाब ने भैंसें बेच दीं," यासिर म्हणाला. "पिछले महीने. खलास. गाय का ले जाओ, ताज़ा है।"

इक्बाल किटली हातात घेऊन उभा राहिला. बरक्याला म्हशी आहेत हे त्याला माहीत होतं. पण दुकानात माल उघड्यावर पडलेला, ऊन चढलेलं, जायला-यायला पाच तास. दूध ते दूध, तो स्वतःशी म्हणाला. एवढा मोठा देव, एक वर्ष चालवून घेईल. त्यानं किटली पुढे केली.

दुकानात परतला तर धनेश काउंटरवर कोपरं टेकून उभाच होता.

"अंकल, प्युअर बफेलो ना? नाहीतर आई मलाच नांगराला जुंपेल."

"म्हशीचंच रे. यल्ला, ने लवकर, तापवायचं असेल तिला."

धनेशनं किटली उचलून खांद्यावर ठेवली, बापासारखे डोळे वटारले, ती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, आणि हसत बाहेर पडला. इक्बालही हसला. हे एवढंच. खोटं बोलायला याहून जास्त वेळ लागत नाही.

डिसेंबरात, एका शनिवारी, घरून इब्रीला परत जाताना धनेशच्या गाडीचं टायर फुटलं. बरोबरचे दोघं मित्र वाचले. ओमप्रकाश क्रेनच्या केबिनमध्ये वर होता, त्याचा फोन खाली लॉकरमध्ये. धनेशच्या कागदांत दुसरा नंबर दुकानाचा होता. म्हणून ही बातमी दुपारच्या असरच्या नमाजेच्या वेळी इक्बालला कळली, आणि प्रेमाला सांगायचं काम त्याच्यावर आलं.

तिनं दार उघडलं. त्याचा चेहरा पाहिला आणि तीच आधी बोलली. "भाऊ, यांना काई झालं का?"

इक्बालनं मान हलवली. नाही.

आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. दोन श्वास टिकला असेल. जगातल्या कुठल्याही रंगमंचावर कुणी तसा चेहरा करू शकणार नाही, आणि देवानं कुणाला तो पाहायला लावू नये. इक्बालनं तो पाहिला. मग त्याला तोंड उघडावं लागलं.

दहन सोहारलाच झालं. इक्बालनं खांदा दिला. दुसऱ्या बाजूला ओमप्रकाश होता, आणि चार पावलांनी त्याचा खांदा खाली गेला. खऱ्या नांगराखाली जो कधी वाकला नव्हता तो वाकला. कॅम्पमधल्या एका पोरानं चटकन जागा घेतली.

आता परत या ऑगस्टमध्ये या. किटली काल पोचली, दही लागलं, आणि आज उद्यापन. इक्बाल घोळेची जुडी आणि शेवग्याचा पाला घेऊन दाराशी आला तेव्हा प्रेमा म्हणाली, "भाऊ, आज थांबा. कहाणी ऐकाले कोणी तरी लागते. मी एकटी कशी ऐकू?"

तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला. घर अर्धं खोक्यांत बांधलेलं. टाइल्सवर मातीचं आळं, पाणी, खजुराची पाती, पोलादी नांगर. समोर एक खुर्ची, तिच्या पाठीवर धनेशचा क्रिकेटचा निळा टी-शर्ट.

कहाणी बायकांनी सांगायची असते. पण प्रेमा म्हणाली तिला जमणार नाही, म्हणून ओमप्रकाशनं नांगर तळहातावर घेतला आणि सुरुवात केली. आवाज अजून भारदस्त होता, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा.

"आटपाट गाव. गावाबाहेर एक गवळण. दिवस भरलेले. पण घरात दूध-दही साठलेलं, ते विकलं नाही तर नासणार. डोक्यावर मडकी घेऊन निघाली. वाटेत कळा आल्या, बोरीच्या झुडपाआड बाळंत झाली. पोरगं पानांत गुंडाळून ठेवलं, आणि म्हणाली, आधी विकून येते. तो दिवस होता हलषष्ठीचा. गावातल्या साऱ्या बाया म्हणाल्या, आज आम्हाला म्हशीचंच दूध पाहिजे. हिच्याजवळ होतं गायीचं मिसळलेलं. ही म्हणाली, म्हशीचंच आहे."

इक्बालच्या मांडीवरची घोळेची जुडी खाली घसरली. ती उचलायला तो वाकला नाही.

"दूध खपलं. इकडं शेतात एक शेतकरी नांगर धरून होता. त्या दिवशी धरू नये, पण धरला. बैल बुजले, उधळले, फाळ झुडपात शिरला, आणि..."

ओमप्रकाश थांबला. नांगर या तळहातावरून त्या तळहातावर घेतला. त्या तळहातावरून या तळहातावर. पुढचे शब्द येईनात. विंगेत प्रॉम्प्टर नव्हता.

"आणि फाळ पोराच्या पोटात शिरला," प्रेमा खालच्या आवाजात म्हणाली. "सांगा पुढं."

"गवळण परत आली. पाहिलं. तिला कळलं, हे माझ्या खोट्याचं. तशीच गावात धावली. दारोदार गेली. बायांनो, मी खोटं बोलले, दूध गायीचं होतं. बायांना तिची दया आली. त्यांनी तिला आशीर्वाद दिला. ती परत झुडपापाशी आली, आणि पोरगं उठून बसलं."

"लगेच नाई," प्रेमा म्हणाली. "माही आई सांगे तसं सांगा. ती लई वेळ जवळ बसून राहिली. मग पायाचं बोट हललं."

"मग पायाचं बोट हललं," ओमप्रकाश म्हणाला, आणि नांगर पाण्यात ठेवला.

प्रेमानं पांढऱ्या मातीत बोळा बुडवला आणि टी-शर्टाच्या पाठीवर सहा वेळा थोपटलं. पहिले पाच हळू. सहावा हात तिनं तिथंच ठेवला.

इक्बाल दुकानात कसा पोचला ते त्याला सांगता आलं नसतं. त्या दिवशी त्यानं दोन गिऱ्हाइकांना मिठाऐवजी साखर दिली. रात्री घरी त्यानं बिलकीसला सगळं सांगितलं.

"मौत लिहिलेली असते," ती म्हणाली. "दुधानं येत नाही. तू मानतंस का असं काही?"

"मी नाही मानीत."

"मग जालं तर."

"पण ती मानते, बिलकीस. आणि खोटं मी बोललो. त्या पोराच्या तोंडावर बोललो."

"आणि आता सांगून काय करणार? तुजा जीव हलका व्हावा म्हणून तिचा जड करतंस? तिला आहे ते पुरे नाही?"

तिचं खरं होतं. पण काय मागितलं जातंय आणि आपण काय देतोय, हे त्या गवळणीसारखंच त्यालाही माहीत होतं. ठाऊक नव्हती ती फक्त कहाणी, आणि ते कारण त्याला दिवसेंदिवस जास्तच लाजिरवाणं वाटू लागलं. अठरा वर्षं तो त्या दाराशी गेला होता, आणि म्हशीचंच का, हे थट्टेत एकदा सोडलं तर कधी नीट विचारलं नव्हतं. पंधरा दिवस तो रोज त्यांच्याकडे गेला. खोकी बांधायला सुतळी दिली, वजनकाटा दिला, गावी न्यायला खजूर दिला. रोज सांगायचं ठरवलं आणि रोज जिना उतरून खाली आला. ती एकदा विमानात बसली की हे खोटं त्याच्यापाशी कायमचं राहणार होतं. आणि सांगितलं तर कदाचित अठरा वर्षांचं "भाऊ" जाणार होतं.

जायच्या दिवशी दुपारी त्यानं दोघांना आपल्या गाडीत घेतलं. मस्कतचं विमानतळ दोनशे किलोमीटर. डावीकडे मधून मधून समुद्र, उजवीकडे लांबवर उघडे डोंगर. मागच्या सीटवर ओमप्रकाश बॅगेत ठेवायला नकार दिलेला नांगर मांडीवर घेऊन बसला होता.

"तपासणीत अडवतील," इक्बाल म्हणाला.

"अडवू दे. म्हणाव देव आहे."

"ते विचारतील देवाला धार का आहे."

ओमप्रकाश थोडा हसला. सुवैक गावाच्या अलीकडे त्याचा डोळा लागला. इक्बालनं रस्त्याकडेच्या एका चहावाल्यापाशी गाडी थांबवली, एसी चालू ठेवला, आणि प्रेमाला म्हणाला, "वहिनी, चहा घेऊ."

पत्र्याच्या सावलीत दोघं उभी राहिली. कागदी कपातला दाट, गोड चहा. समोर रस्त्यावरून गाड्या सारख्या जात होत्या. इक्बालनं कप तोंडाला लावला नाही.

"वहिनी, गेल्या वर्षी मी आणलेलं दूध म्हशीचं नव्हतं."

तिनं तोंडाशी नेलेला कप खाली घेतला.

"अर्बाबनं म्हशी विकल्या होत्या. मी गायीचं आणलं. धनेशनं मला विचारलं, म्हशीचं ना? मी हो म्हणालो. मला कहाणी ठाऊक नव्हती, पण खोटं ते खोटंच. मला शिव्या द्या. काहीही म्हणा."

तिनं कप पत्र्याच्या कठड्यावर ठेवला. पदर सावरला. बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं इक्बालला वाटलं.

"मले माहीत होतं, भाऊ."

"काय?"

"मी म्हशींत वाढली. दूध तापवलं, साय धरली ती पिवळी. पातळ. तेव्हाच समजलं. तुमाले फोन करणार होती. तर हा पोट्टा ओट्यापाशी उभा. दोन दिवस सुट्टी काढून आला होता. म्हणे, आई, उद्या फास्ट कर हं, मले चार वाजता निघायचं आहे. मी म्हटलं, आता कुठं परत पाठवू? बलदाऊ मोठा आहे. परक्या मुलखात थोडं चालवून घेईल." ती थांबली. "त्याच दुधाचं दही लावलं. त्याच दह्यानं उपास सोडला. त्याच हातानं त्याच्या पाठीवर ठसे मारले. यांनाही नाई सांगितलं."

"वहिनी, असं काही नसतं. वेळ आली की..."

"असू दे, भाऊ. तुमी तुमच्या जागी खरे." तिनं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "गवळणीले निदान गाव होतं. दारोदार जाऊन सांगता आलं तिले. मी कोणाले सांगू? इथं माझं गावच नव्हतं. आठ महिने पोटात धरून बसली."

इक्बालनं हात जोडले. तिनं ते हात धरून खाली केले, जसं थोरली बहीण करते, जरी वयानं ती त्याच्याहून धाकटी होती.

"सांगितलं तुमी," ती म्हणाली. "मीही सांगितलं."

गाडीत ओमप्रकाश झोपेत कुशीवर वळला. मांडीवरचा नांगर घसरला, त्यानं झोपेतच तो घट्ट धरला. प्रेमा गाडीकडे पाहत नव्हती. ती आल्या रस्त्याकडे, सोहारच्या दिशेला पाहत होती. उन्हानं डांबरावर पाणी असल्यासारखं दिसत होतं आणि त्यातून एकेक गाडी वर येत होती. इक्बालनं घड्याळ पाहिलं. विमानाची वेळ जवळ येत होती.

"चला वहिनी. उशीर होईल."

पुढं विमानतळापर्यंत ती काही बोलली नाही. काचेच्या दारापाशी नुसतीच मान लववून आत गेली. तेव्हा तिचं शेवटचं बोलणं म्हणजे त्या पत्र्याखाली, रस्त्यावरची नजर न काढता, ती जे म्हणाली ते.

"थोडं थांबू, भाऊ. त्या गोष्टीतही पोर लगेच नाई उठलं."